हिवाळाभर झाकून ठेवलेला मोवर पेटतो, पण टिकत नाही

थंडी सरून गवत वाढायला लागलं की या सदराकडे दरवर्षी हीच तक्रार येते, की मोवर, म्हणजे गवत कापायचं मशीन, चालू होतो पण चालू राहत नाही. बहुतेक पत्रांत एवढंच लिहिलेलं असतं की बंद पडतो. पण किती वेळाने पडतो, चोकवर (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप) असताना पडतो की चोक काढल्यावर, कुणी स्विच दाबल्यासारखा एकदम पडतो की गुरगुरत हळूहळू, हेही लिहिलंत ना तर अर्धं निदान तिथेच होतं, आणि नको ते पार्ट विकत घेणं वाचतं. खालच्या पत्रांत वाचकांनी हे नीट लिहिलंय म्हणून ती निवडली.

प्रश्न: आमचा राइडिंग (बसून चालवायचा) मोवर पाच महिने शेडमध्ये उभा होता. बॅटरी चार्ज केली, किल्ली फिरवली की लगेच पेटतो, फुल चोकवर बऱ्यापैकी धावतो, पण चोक काढला की दहा-पंधरा सेकंदांत मान टाकतो. नवीन प्लग घातला, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. एक जण म्हणतो नवीन कार्ब्युरेटरच घ्या, दुसरा म्हणतो इंजिन गेलं. टाकीत मागच्या सीझनचं अर्धी टाकी पेट्रोल आहे, ते चालेल ना?

उत्तर: इंजिन गेलं हे आधी मनातून काढून टाका. कॉम्प्रेशन नसतं तर चोकवरही धड धावला नसता. स्पार्कही ठीक दिसतोय, कारण चोक लावल्याने स्पार्क वाढत नाही, वाढतं ते पेट्रोल. चोक लावला की हवेची वाट अडते, इंजिनची ओढ कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, गळ्यात जास्त जाणवते आणि त्या ओढीने बारीक भोकांतून जास्त पेट्रोल वर येतं. म्हणजे तुमचा मोवर सरळ सांगतोय की मला पेट्रोल कमी पडतंय, चोक आहे तोवर कसंबसं भागतंय. मेकॅनिक लोक याला लीन चालणं म्हणतात, आणि हिवाळ्यानंतरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त आढळणारं दुखणं हेच.

आता ते जुनं पेट्रोल. नाही चालणार, काढून टाका. पेट्रोल उभं राहिलं की त्यातला पटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेलं हळूहळू हवेशी रिअ‍ॅक्शन होऊन चिकट व्हायला लागतं. शिवाय आजकाल बऱ्याच ठिकाणी पेट्रोलमध्ये १० टक्के किंवा त्याहून जास्त इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी जाऊन बसतं. इंजिनकडे जाणारी नळी तळातूनच निघते, त्यामुळे इंजिनच्या तोंडी पहिला घोट त्याचाच. पण टाकीपेक्षाही जास्त नुकसान कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे तळाच्या वाटीत, होतं, कारण तिथे पेट्रोल अगदी थोडं असतं, ते सुकून जातं आणि मागे राहतो तो पिवळट तपकिरी चिकटा. तोच जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तुकड्याच्या, भोकात बसतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यात एवढासा थर बसला तरी झालं.

काम सुरू करायच्या आधी मोवर उघड्यावर आणा, इंजिन थंड असू द्या, प्लगची कॅप काढून बाजूला करा, जवळपास आग, सिगारेट, पायलट लाइट असलेला हीटर काही नको. मग टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढा आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा गोळ्यांसारखे थेंब दिसले तर पाणी आहे. रंग गडद झालाय, वास पेट्रोलचा न राहता जुन्या वॉर्निशसारखा येतोय, तर शिळं झालंय. त्यात स्टॅबिलायझर ओतून ते परत ताजं होत नाही, स्टॅबिलायझर फक्त ताज्या पेट्रोलला टिकवतो. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, घातक कचरा जिथे घेतात तिथे बंद डब्यात नेऊन द्या.

टाकीत थोडं ताजं पेट्रोल घाला आणि आता खरी परीक्षा. कार्ब्युरेटरच्या बाऊलला खाली ड्रेन स्क्रू असेल तर तो सैल करा आणि खाली भांडं धरा. टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली अशी रचना असेल तर पेट्रोल एकसारखं वाहत राहायला हवं. आधी जरा वाहिलं आणि मग थेंबथेंब, तर अडचण कार्ब्युरेटरच्या आधी आहे, म्हणजे फिल्टर, नळी, कॉक (पेट्रोलचा नळ), किंवा टाकीच्या तोंडाशी बसलेला कचरा. फिल्टर बदलताना त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेने ठेवा. जुनी रबरी नळी बाहेरून चांगली दिसते पण आतून सोलून निघालेली असू शकते आणि तो पापुद्रा झडपेसारखा आडवा येतो, म्हणून नळी जुनी असेल तर फिल्टरबरोबर तीही बदललेली बरी.

टाकी सीटखाली, कार्ब्युरेटरपेक्षा खाली असेल तर मध्ये पंप असतो. बऱ्याच मोवरवर हा पंप इंजिनच्या क्रँककेसमधल्या (ऑइल असतं तो खालचा भाग) दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्याला वायर नसते, एक बारीक नळी असते फक्त. ती नळी उन्हाथंडीने तडकली की पंप मेला. पंपाची कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत धरायची, प्लगच्या कॅपा काढून इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवायच्या म्हणजे कुठे ठिणगी उडणार नाही, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. ठोक्याठोक्याने जोरदार पेट्रोल आलं तर पंप ठीक.

तुमच्या बाबतीत मला पेट्रोल बाऊलपर्यंत येत असेल असंच वाटतं, आणि जेट तुंबलंय. मग कार्ब्युरेटर उघडा. आधी फोन काढून लिंक आणि स्प्रिंगांचे चारही बाजूंनी फोटो घ्या, कारण गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) स्प्रिंग चुकीच्या भोकात बसली की नवीन दुखणं सुरू. खाली बाऊल ज्या नटाने धरलेला असतो तो नट नीट बघा, काही कार्ब्युरेटरमध्ये त्या नटालाच आडवी बारीक भोकं असतात आणि तेच जेटचं काम करतात, लोक बाऊल चकाचक पुसतात आणि हा नट तसाच परत लावतात. बऱ्याच राइडिंग मोवरमध्ये या नटाच्या जागी सोलेनॉइड असतो, दोन वायरी किंवा एक वायर असलेला छोटा नळकांड्यासारखा भाग. किल्ली ऑन केली की त्याचा टिक असा आवाज आला पाहिजे, त्याची दांडी आत जाते तेव्हाच जेटला पेट्रोल मिळतं. टिक नाही आला तर कार्ब्युरेटर कितीही धुवा, इंजिन टिकणार नाही, आधी तिथे १२ व्होल्ट पोचतायत का ते मीटरने बघा. काही जण ती दांडी कापून टाकतात, तसं करू नका. बंद करताना सायलेन्सरमध्ये भडका उडू नये म्हणून ती असते.

जेट काढून उजेडाकडे धरा, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. त्याच्या वरची नळी असते, बाजूला भोकाभोकांची, तीही काढा. कार्ब क्लीनरचा स्प्रे प्रत्येक भोकात मारा आणि दुसऱ्या बाजूने फवारा बाहेर येतोय का बघा, आयडलच्या (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या) बारीक भोकातून विशेष. डोळ्याला चष्मा हवाच, हा स्प्रे कुठल्या भोकातून डोळ्यावर येईल नेम नाही. अडलंच तर मऊ तांब्याच्या वायरीची एक तार घाला, ड्रिल किंवा सुई घालून भोक मोठं करू नका, ते मापाचं असतं. रबरी ओरिंग, फ्लोट (बाऊलमधला तरंगणारा तुकडा), नीडलचं (पेट्रोल अडवणारी सुई) रबरी टोक यांच्यावर स्प्रे नको, फुगतात. बाऊलचं गॅस्केट जमलं तर नवीनच घाला.

सगळं जोडून तरीही चोकशिवाय टिकत नसेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधलं गॅस्केट बघा, तिथून जादा हवा शिरली तरी लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. नवीन कार्ब्युरेटर घ्यायला मी विरोध करत नाही, पण आत अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी खरबरीत बुरशीसारखी झीज दिसत असेल तरच घ्या, कारण ती धुऊन जात नाही. आणि टाकीतलं शिळं पेट्रोल न काढता नवा लावलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न: माझा मोवर वीस मिनिटं झकास चालतो, मग आचके देत बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू, परत वीस मिनिटं. पेट्रोल नवीन आहे, कार्ब्युरेटर मेकॅनिककडून साफ करून आणलाय.

उत्तर: वीस मिनिटं चांगला चालतोय म्हणजे जेट मोकळे आहेत, परत कार्ब्युरेटरच्या मागे लागू नका. इथे दोन संशयित आहेत आणि दोघांना वेगळं करायला काही खर्च लागत नाही, फक्त बंद पडल्या पडल्या तपासायला हवं. अर्धा तास थांबून तपासलं तर पुरावा गेलेला असतो.

पहिला संशय टाकीच्या झाकणावर. पेट्रोल जसं संपतं तशी तेवढी हवा टाकीत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक वाट असते. ती धुळीने किंवा किड्याने घर केल्याने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. बंद पडला की लगेच, जळतं काही जवळ नाही बघून, झाकण सैल करा. सुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मोवर लगेच चालू झाला तर चोर सापडला. काही नवीन मशीनमध्ये झाकणाऐवजी टाकीवरून एक वेगळी नळी पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाते, तिथे ती नळी दबली किंवा बुजली नाही ना बघायचं. झाकण कायम सैल ठेवून चालवणं हा उपाय नाही, उतारावर पेट्रोल गरम इंजिनवर सांडेल.

झाकण सैल करून काहीच फरक नाही, तर दुसरा संशय इग्निशन कॉइलवर. कॉइल तापली की तिच्या आतली बारीक वायर कुठेतरी जोड सोडते आणि स्पार्क जातो, थंड झाली की परत जुळते. प्लगच्या कॅपमध्ये बसणारा स्पार्क टेस्टर मिळतो, तो लावून ठेवा आणि बंद पडताक्षणी सेल्फ मारून बघा. गरम असताना स्पार्क नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल बदला. नवीन कॉइल लावताना फ्लायव्हीलच्या लोहचुंबकापासून अंतर पुष्कळ इंजिनांत साधारण ०.२५ मिलिमीटर ठेवतात, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

तुम्ही आचके देत असं लिहिलंय, पेट्रोल संपत आल्यावर इंजिन तसं आचके देतं, कॉइल गेली की बहुधा कटकन जातं. म्हणून झाकण आधी. आणि कव्हर काढलंच तर इंजिनच्या पंखांमध्ये (थंड राहायला असलेल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) उंदराने गवत भरून ठेवलंय का तेही बघा, थंड करणारी हवा अडली की इंजिन तापतं आणि ते बंद पडण्याच्या पलीकडचं नुकसान आहे.

प्रश्न: उभा असताना तासभर चालेल. पण ब्लेड लावलं की लगेच बंद, आणि खड्ड्यातून गेलं तरी कधी कधी बंद. सीटखालच्या स्विचच्या वायरी सरळ जोडून टाकल्या तर चालेल का?

उत्तर: नका जोडू. हे मी कळकळीने सांगतोय. तुम्ही सीटवरून पडलात किंवा उतरलात की ब्लेड थांबावं म्हणून तो स्विच असतो, आणि राइडिंग मोवरच्या ब्लेडखाली पाय जाण्याचे अपघात खरोखर होतात, त्यात लहान मुलंही असतात. शिवाय काही मॉडेलमध्ये माणूस बसल्यावर स्विचचं सर्किट जुळतं, काहींमध्ये तुटतं, त्यामुळे वायरी नुसत्या जोडून काम होईलच असंही नाही.

स्विच मात्र तपासायला हवा आणि तुमची लक्षणं तिकडेच बोट दाखवतायत. ब्लेड बंद आणि पार्किंग ब्रेक लावलेला असताना सीट रिकामी असली तरी इंजिन चालतं, ब्लेड लावलं की मोवर विचारतो माणूस बसलाय का, आणि स्विचने नाही म्हटलं की बंद करतो. खड्ड्यात तुम्ही जरा उचलले जाता, तेव्हाही तेच. सीट वर करून कनेक्टर काढा, हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, स्विच हाताने दाबून मीटरवर सर्किट दरवेळी स्वच्छ जुळतंय-तुटतंय का बघा. सीटची स्प्रिंग बसली असेल तर स्विच पूर्ण दाबलाच जात नाही, तेही बघा. मग तिथून निघणाऱ्या वायरी शेवटपर्यंत हाताने चाचपत जा, हिवाळ्यात उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात आणि उघडी तार चासीला टेकली की खड्ड्याखड्ड्याला इंजिन मरतं. ब्रेकच्या पेडलचा आणि ब्लेडच्या लिव्हरचा असे आणखी स्विच असतात, तेही याच साखळीत.

हे सगळं ठीक निघालं तर मग बोजा. प्लगची कॅप काढून, जाड हातमोजे घालून डेकखालचं (ब्लेडवरचं कवच) वाळलेलं गवत खरवडून काढा आणि ब्लेड हाताने फिरवून बघा, जड किंवा खरखर असेल तर स्पिंडलचं (ब्लेड फिरवणारा दांडा) बेअरिंग जाम झालंय. बोज्याने बंद पडताना इंजिन आधी दबतं, घुसमटतं, मग थांबतं. स्विचने बंद पडताना एका क्षणात शांत होतं. कान देऊन ऐका, फरक स्पष्ट कळतो.

ब्लेडचा क्लच विजेवर चालणारा असेल तर बॅटरीही मोजा. उभ्या अवस्थेत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन जोरात असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. चालू असतानाही १२ वरच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाहीये, आणि क्लचने करंट ओढला की वर सांगितलेला सोलेनॉइडही ढिला पडू शकतो.

प्रश्न: मोवर अडखळतोय म्हणून ऑइल बघितलं तर खुणेच्या वर आलंय! मी तर घातलंच नाही. काळजीचं आहे का?

उत्तर: हो, चालवू नका, एक मिनिटही नको. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास असेल आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागत असेल तर हिवाळाभर पेट्रोल झिरपून ऑइलमध्ये उतरलंय. एक तर कार्ब्युरेटरमधली नीडल नीट बसत नाही आणि बाऊल भरून वाहतोय, नाहीतर ठोक्यावर चालणाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल त्याच बारीक नळीने क्रँककेसमध्ये जातंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करा, नीडल किंवा पंप जे असेल ते दुरुस्त करा, मगच ऑइल आणि फिल्टर बदला. सेल्फ मारताना इंजिन ठक्‌ करून अडत असेल तर सिलिंडरमध्येच पेट्रोल साचलंय, जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून, कॅपा दूर धातूला टेकवून, मगच हलकेच फिरवा.

प्रश्न: पुढच्या हिवाळ्यासाठी टाकी रिकामी करून ठेवावी की भरून? दोन्ही सल्ले मिळतात.

उत्तर: दोन्ही चालतात, अर्धवट ठेवणं तेवढं वाईट. माझा कल भरून ठेवण्याकडे आहे, कारण भरलेल्या टाकीत हवा कमी म्हणजे ओल कमी, आणि टाकी पूर्ण कोरडी करणं घरी सहसा जमत नाही, तळाला थोडं राहतंच. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर शेवटची टाकी त्याची भरा, आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलचं पेट्रोल मोवरमध्ये कधीच नको, बहुतेक इंजिन कंपन्यांची मर्यादा तेवढीच असते. ताज्या पेट्रोलमध्ये बाटलीवर लिहिलेल्या मापाने स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, उघड्यावरच, बंद शेडमध्ये नाही, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ही दहा मिनिटं लोक गाळतात आणि मग स्टॅबिलायझर टाकीत राहतो, कार्ब्युरेटरमध्ये पोचतच नाही. त्यानंतर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या आणि बाऊलच्या ड्रेनमधून उरलंसुरलं काढा. कॉक नसेल तर नळीत मध्ये एक बसवून घ्या, सोपं काम आहे.

ऑइल ठेवायच्या आधी बदला, वापरलेल्या ऑइलमधली आम्लं महिनोन्‌महिने आत राहू नयेत म्हणून. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून ठेवा, चार्ज असलेली कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याच्या थोडं खाली गेलं की गोठून फुटू शकते. डेकखालचं गवत साफ करा, उंदरांना तेच हवं असतं. आणि वसंतात किल्ली फिरवायच्या आधी एअर फिल्टरचं झाकण उघडून आत घरटं नाही ना एवढं बघून घ्या.